खड्ड्याकाठचे सात दगड

विहीर पाडणाऱ्याला कोरडी विहीर विसरता येत नाही. मी शंभराच्या वर विहिरी पाडल्या, त्यातल्या नऊ कोरड्या निघाल्या. पाणी लागलेल्या गावांची नावं आता आठवत नाहीत. त्या नऊ गावांची मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन.

पण सगळ्यांत मोठी कोरडी विहीर मी बघितली ती अमेरिकेत, आणि ती कुणी माणसानं पाडलेली नव्हती. या काठावरून त्या काठाला चालत जायला पाऊण तास लागावा एवढी रुंद. वरून खाली बघितलं तर तळातली झुडपं तीळ सांडल्यासारखी दिसायची. जमिनीनं आपल्याच पोटात सुरुंग लावून घेतला आणि हा खड्डा पडला.

तिथं मी जायचं काही कारण नव्हतं. माझ्या हातून एक चूक झाली म्हणून गेलो. ती चूक सांगायची तर आधी आमच्या मंडळींचं, म्हणजे माझ्या बायकोचं सांगावं लागेल.

मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. मी विहिरीत खाली सुरुंग ठासायचो, ती वर घमेली ओढायची. पाणी लागलं की गावकरी माझ्या अंगावर गुलाल टाकायचे. ही तेवढ्यात बाजूला जाऊन सात खडे वेचून आणायची. काठावर ओळीनं मांडायची, तेलात कालवलेला शेंदूर लावायची, हळदीकुंकू, बांगड्या, खण आणि दहीभात. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. त्यांचा मान ठेवला नाही तर त्या तरण्या पोरींना पाण्यात ओढतात, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की पाणी सुरुंगानं लागतं आणि पोरी पाय घसरून पडतात. यावरून आमचं तीस वर्षं भांडण चाललं, आणि तीस वर्षं दहीभात मीच खाल्ला.

आमच्या कामाचा एक नियम होता. खाली माणूस सुरुंग ठासत असेल किंवा भिंतीला धरून चढत असेल, तर वरून हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. हाक मारली की मान वर होते, मान वर झाली की पाय सुटतो. तो वर आला की सांगायचं. हा नियम ही माझ्याहून कडक पाळायची. माझी आई गेली तेव्हा मी सत्तर फूट खाली होतो. निरोप्या धावत आला, तर हिनं त्याला काठापासून लांब बसवलं. दोन तासांनी मी वर आलो. हिनं मला तांब्याभर पाणी दिलं, पिऊ दिलं, मग सांगितलं.

ती पंच्याऐंशी साली दिवाळीच्या तोंडावर गेली. तालुक्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. तिच्यामागं दोन माणसांचा भात टाकायची सवय माझी मोडली नाही. उरलेला भात कुत्र्याला घालायचो. दोन महिन्यांत ते कुत्रं एवढं फुगलं की चोर आला असता तर मलाच कुत्र्याला उचलून त्याच्यामागं पळावं लागलं असतं.

जायच्या दोन दिवस आधी तिनं मला एक काम सांगून ठेवलं होतं. म्हणाली, “लेकीच्या गावाला जावा. ती जिथं पाण्याला जाती तिथल्या आसरांची ओटी भरा. तुमच्या हातानं. आणि हसू नका.”

मी हसलो नाही. हो म्हणालो.

आम्हाला एकच लेक. दगडांचंच शिक्षण शिकली, आधी पुण्याला आणि मग अमेरिकेत. गावात लोक म्हणायचे, बापानं दगड फोडले आणि पोरगी दगड वाचते. तिच्या आईला हे फार आवडायचं. मला म्हणायची, तुम्ही फोडायच्या आधी वाचले असते तर नऊ विहिरी वाचल्या असत्या.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये लेकीनं मला बोलावून घेतलं. ती एल पासो नावाच्या गावात राहत होती. वाळवंटातलं गाव, डोक्यावर उघडाबोडका डोंगर, खाली नदी आणि नदीपल्याड मेक्सिको. ऊन आमच्यासारखंच, म्हणून मला परकं वाटलं नाही. तिची इमारत दुमजली होती आणि मधल्या चौकात पोहायचा हौद होता. निळाशार. लेक आणि नागपूरकडची एक मुलगी अशा दोघी मिळून एका खोलीत राहायच्या. ती मुलगी कॉम्प्युटर शिकत होती आणि पोळ्या गोल करत होती. मला काका म्हणायची.

लेक मात्र मला ओळखू येईना. घर लख्ख ठेवायची, वेळेवर जेवायची, माझी गोळी विचारायची. पण आईचं नाव काढलं की उठून भांडी घासायला लागायची, घासलेली असली तरी. संध्याकाळी हौदाच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आबा, मी तुमच्याबरोबरच परत येणार. मे महिन्यात. तुम्ही एकटे कसे राहणार तिकडं?”

मी विचारलं, “आणि हे शिक्षण?”

“कॅन्सल करतेय,” म्हणाली. एसटीची सीट कॅन्सल करावी तसं.

मी काही शहाणा माणूस नाही, पण एवढं कळलं की ही माझ्यासाठी येत नाही. मला भात टाकता येतो. हिला इथून पळायचं होतं. आणि जिच्या आईनं डोक्यावर दगड वाहून हिला शाळेत घातलं, ती अर्ध्या विहिरीतून वर यायला निघाली होती. हे मला मान्य नव्हतं. पण तिला कसं अडवावं हे कळत नव्हतं. आमच्यात बोलायचं काम नेहमी तिची आई करायची.

का पळायचं होतं, ते नागपूरच्या मुलीनं सांगितलं. लेकीचा अभ्यास सगळा त्या खड्ड्यावर. गावापासून दीड तासावर, न्यू मेक्सिकोच्या माळावर. आई आजारी पडली तेव्हा ती दोन सोबत्यांबरोबर तिथं पंधरा दिवस तंबू टाकून होती. फोन नाही, टपाल नाही. माझी तार इथल्या घरी आली. या मुलीकडं गाडी नाही, म्हणून ती लेकीच्या गाइडकडं गेली. तो प्रोफेसर म्हातारा स्वतः गाडी काढून खड्ड्यावर गेला. या सगळ्यात चार दिवस गेले. लेक घरी आली तेव्हा गावाकडं राखसुद्धा सावडून झाली होती. तेव्हापासून ती खड्ड्यावर गेली नव्हती. तिथून आणलेली दगडांची पोती तिनं खाटेखाली सारली होती आणि सोडलीसुद्धा नव्हती.

“त्या खड्ड्याचं नाव पण घेऊ देत नाही यार,” असं ती मुलगी बोलली, आणि काकाला यार म्हटलं म्हणून जीभ चावली. मी म्हटलं, चालेल.

चौथ्या दिवशी दोघी कॉलेजात गेल्या. मी चौकात बसलो होतो. हौदाकडं बघता बघता बायकोनं सांगितलेलं काम आठवलं. एवढं पाणी, दीड पुरुष खोल, आणि काठावर एक खडा नाही. आणि लेक रोज त्यात पाय सोडून बसते. माझा आसरांवर विश्वास नाही. पण शब्द दिला होता, आणि मी बसल्या जागचा हौदापासून दोन हात मागं सरकलो हेही खरं.

सामान होतं. हिचा शेंदराचा करंडा मी बरोबर आणला होता, हिरवा खणही, लेकीला द्यायला म्हणून. दही घरात होतं. दगड तेवढे नव्हते. अमेरिकेत दगड मिळत नाही हे कुणी खरं मानणार नाही. इमारतीभोवती सगळी कापलेली हिरवळ, रस्त्याकडेला वाळू. दारातल्या कुंड्यांत पांढरे गोटे होते, पण ते दुकानातून आणलेले. विकतचा दगड देवाला चालत नाही.

मग खाटेखालची पोती आठवली. पोरीनं टाकूनच दिलीत, म्हटलं, त्यातले सात घेतले तर काय झालं?

एक पोतं सोडलं. दगड बाहेरून काळे, भाजलेल्या वांग्यासारखे. पण फुटलेल्या बाजूनं आत बघितलं आणि मी खाली बसलो. आत हिरवं. हिरवी साखर दाबून भरावी तसं, रवाळ, चमकणारं. आमच्या कातळात पांढऱ्या गारा सापडतात, क्वचित एखादी हिरवट. पण असा पोटभर हिरवा दगड मी जन्मात बघितला नव्हता. म्हटलं, ही आसरा तर हिरवा चुडा भरूनच आली आहे. आसरांना याहून चांगला दगड कुठला?

सारखे सात निवडले. प्रत्येकाला कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. देवाला चिठ्ठी लावून कसं बसवायचं? सातही पट्ट्या सोडवल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मग दगड भांडी घासायच्या साबणानं घासून स्वच्छ केले, पुसले आणि शेंदूर लावला. हौदाच्या काठावर ओळीनं मांडले. पुढं खण, हळदीकुंकू आणि दहीभात. हात जोडले. हिला मनात म्हटलं, झालं बघ तुझं काम.

इमारतीची देखरेख करणारी एक मेक्सिकन म्हातारी होती. ती झाडू घेऊन आली तेव्हा मला वाटलं, आता हाकलतीय. तिनं सात दगडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून नमस्कार केला. आत गेली आणि काचेच्या पेल्यातली मेणबत्ती आणून सातांच्या शेजारी लावली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी तिला वाटीत दहीभात दिला. तिनं तो वाटी पुसून खाल्ला. तिथपर्यंत सगळं झकास होतं.

संध्याकाळी लेक नेहमीसारखी पाय सोडायला आली. दगड बघून जागच्या जागी थांबली.

“आबा, हे कुठले?”

“तुझ्या पोत्यातले.”

“नंबर कुठं आहेत? चिकटपट्ट्या?”

“कचऱ्यात.”

“कचरा कुठं आहे?”

कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती. तेही सांगितलं. साबणाचंही सांगितलं, कारण लपवून काय उपयोग.

ती खाली बसली. एक दगड हातात घेतला. शेंदूर बोटांना लागला. मग बोलली, आणि माझ्यावर आवाज चढवून ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

“आई गेली त्या दिवशी मी हे उचलत होते. प्रत्येकावर तारीख घातली होती. त्या दिवसाचं माझ्याकडं एवढंच होतं, आणि तुम्ही ते साबणानं धुतलंत. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, आबा. अकरा दिवस. ती असताना मला एक तार केली नाहीत.”

मग ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, लहानपणी रडायची तशी. वरच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. मेक्सिकन म्हातारी हातरुमाल घेऊन आली आणि शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी उभाच. माझ्याजवळ तिच्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते तिला आवडेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पाच महिने गिळून बसलो होतो. त्या वेळीही गिळलं.

दुसऱ्या दिवशी ती गाइडकडं गेली. माफी मागायला म्हणे. जरा वेळानं त्याला घेऊनच घरी आली. साठी उलटलेला लांबट माणूस, मोठी टोपी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यानं सातही दगड उलटसुलट बघितले, बोट लावून शेंदराचा वास घेतला. मग बराच वेळ बोलला. लेकीनं मला मराठीत सांगितलं ते थोडक्यात असं: शेंदरात शिसं असतं, ते दगडात मुरलं, आता यांची तपासणी होऊ शकत नाही. नंबर नाही म्हणजे कुठून उचलले तेही सांगता येत नाही. हे दगड अभ्यासाच्या दृष्टीनं मेले. थीसिसला सात नवे लागतील. शनिवारी जाऊ. वडिलांनाही घेऊ.

लेक म्हणाली, ती शिक्षण सोडतेय. तो म्हणाला, सोड की, पण आधी माझे सात दगड भरून दे. बापानं खराब केले, लेकीनं भरावेत.

मी हे मुद्दाम केलं असं लेक आजही समजते. तेवढी अक्कल असती तर मी जन्मभर विहिरी पाडल्या असत्या का?

शनिवारी निघालो. गाइड, लेक, मी, आणि नागपूरची मुलगी गंमत बघायला. शेंदराचे सात दगड एका खोक्यात घालून घेतले होते. जिथून आले तिथं परत ठेवा, असं गाइडनंच सांगितलं होतं. करंडा, खण आणि दहीभाताचा डबा मी पिशवीत टाकला होता. दीड तास वाळूचा रस्ता, काटेरी झुडपं आणि वारा. सपाट माळ, कुठं काही नाही. मी विचारणारच होतो की कुठाय तुमचा खड्डा, तेवढ्यात गाडी थांबली. खाली उतरलो, वीस पावलं चाललो आणि पुढं जमीनच नव्हती.

मी पायातल्या वहाणा काढल्या. का काढल्या माहीत नाही.

लेक एका बाजूला उभी होती, दातांवर दात. गाइडनं तिला सांगितलं, वडिलांना समजावून सांग, हा कसा झाला. ती पाठ म्हटल्यासारखं सांगायला लागली. वर हा काळा कातळ आधीपासून होता. त्याच्या खाली वाळू, आणि वाळूत पाणी. खालून वितळलेल्या दगडाचा रस वर चढला आणि पाण्याला भिडला. पाण्याची एका दमात वाफ झाली आणि तिनं वरचं सगळं आभाळात उडवलं. असं पुन्हा पुन्हा झालं. अशा खड्ड्याला त्यांच्या शास्त्रात ‘मार’ म्हणतात. हिरवे दगड त्या रसानं फार खोलवरून आणले, जिथं कुणी उतरू शकत नाही तिथून.

मी म्हटलं, हे तर माझ्या आज्याचं काम. त्याच्यापाशी सुरुंगाची दारू नव्हती. तो कातळावर लाकडं पेटवायचा आणि दगड तापून लाल झाला की वर पाणी ओतायचा. कातळ किंचाळून फुटायचा. इथं फक्त पाणी आधीच घरात होतं आणि आग मागच्या दारानं आली. लेकीनं ते गाइडला सांगितलं. त्यानं वही काढून लिहून घेतलं.

मग खाली उतरायला लागलो. भिंतीत राखेचे थर होते, घडीच्या पोळ्यांची चवड लावावी तसे. एका जागी नारळाएवढा काळा दगड थरांत रुतलेला. त्याच्या खालचे थर वाकलेले, बाजेवर जाड माणूस बसला की सुंभ खाली जातो तसे. मी थांबलो.

म्हटलं, हा पडला तेव्हा खाली चिखल होता. आणि हा तिकडून आला, तळाच्या बाजूनं, तिरका.

गाइड थांबला. कशावरून, असं त्यानं लेकीकडून विचारलं. मी म्हटलं, कोरड्यावर पडलेला दगड उडी मारतो, ओल्यात पडला तर रुततो. आणि ज्या बाजूनं येतो तिकडची माती लोटून पुढं ढीग करतो. माझ्या सुरुंगाचे दगड मी चाळीस वर्षं बघतोय. बघितले नसते तर हे डोकं आज खांद्यावर नसतं. उजव्या हाताचं अर्धं बोट मी तसं न बघितल्यामुळंच गेलंय, तेही दाखवलं. त्यानं पँट वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला. मग आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना लागलेलं दाखवत बसलो. दोन पोरी उन्हात उभ्या.

गाइडनं विचारलं, सुरुंग पेटवायच्या आधी लोकांना कसं सांगायचात? मी म्हटलं, सांगतो. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, “सुरुंग हाय रे, सुरुंग! पळाऽऽ!”

खड्ड्यानं ते चार वेळा परत म्हणून दाखवलं. नागपूरची मुलगी दचकून झुडपात बसली. आणि माझी लेक, पीएचडी करणारी, बूट घातलेली, कानांवर हात दाबून उकिडवी बसली होती. डोकं गुडघ्यात. लहानपणी विहिरीवर आईनं शिकवलं होतं तशी. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. थांबेचना. गाइडही हसला. आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

दुपारी गाइड आणि ती मुलगी सावलीला बसले. लेक मला काठावरच्या एका जागेशी घेऊन गेली. तंबूच्या खुंट्यांची भोकं अजून दिसत होती.

“आबा, मी इथं होते,” म्हणाली.

मी म्हटलं, “तुझ्या आईला माहीत होतं.”

मग मी गिळलेलं सगळं सांगितलं. खड्ड्यात उतरणार म्हणून तिनं जे पत्र पाठवलं होतं, ते दवाखान्यात पोचलं होतं. मी ते तिच्या आईला तीन वेळा वाचून दाखवलं. खड्ड्याचं चित्र काढलं होतं, ते हिनं उशाखाली ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, नर्सला, फरशी पुसणारीला, सगळ्यांना ही एकच गोष्ट सांगायची, माझी लेक अमेरिकेत विहिरीत उतरलीय, आणि बापाच्या सगळ्या विहिरी त्या एकीत बसतील. मी तिथंच बसलेला असायचो. माझी इज्जत तिनं काढायची ठेवली नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी तार करायला उठलो. हिनं माझा शर्ट धरला.

“काय म्हणाली?” लेकीनं विचारलं.

“म्हणाली, पोर खाली आहे. खाली असलेल्याला वरून हाक मारू नये. वर आली की सांगा.”

वारा होता. लेकीनं बुटाच्या टोकानं खुंटीच्या भोकात माती लोटली.

“मी उठत होतो, ती परत शर्ट धरत होती,” मी म्हटलं. “रोज. शेवटी मी ऐकलं. चुकलो असेन तर चुकलो. पण हाक मारू नको म्हणणारी ती होती, आणि या कामात ती माझी मुकादम होती.”

लेक म्हणाली, “पाणी प्यायला लावलं असतं तिनं मला. आधी.”

“लावलंच असतं.”

माझ्या पिशवीत बाटली होती. मी ती दिली. ती प्याली. सगळी.

मग तिनं खोक्यातले सात दगड काढले आणि काठावर तळाकडं तोंड करून ओळीनं मांडले. शेंदूर या वेळी तिनं लावला. आईचा करंडा, आईसारखंच एका बोटानं. गाइडनं जवळ येऊन हे काय आहे असं विचारलं तेव्हा तिनं इंग्रजीत एवढं लांबलचक सांगितलं की मला कंटाळा आला. त्यानं टोपी काढून हातात धरली. मी विचारलं, खाली पाणी नाही, मग आसरा इथं काय करतील? लेक म्हणाली, पाणी होतं, आबा, त्यानंच तर हे सगळं केलं. खण तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकला, वाऱ्यावर सोडला नाही. दहीभात मी खाल्ला.

नवे दगड गोळा करताना ती मला हात लावू देत नव्हती. एकेक उचलायची, फिरवून बघायची, पट्टी लावायची, त्यावर जागा आणि तारीख लिहायची. मी नुसता पिशवी धरून मागं. सात झाले तरी ती थांबली नाही. पंधरा-वीस घेतले, आणि परतताना गाइडशी सारखी बोलत होती. पुढच्या शनिवारी पलीकडच्या काठावर जायचं, असं काहीतरी.

परत येण्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही, मीही विचारलं नाही. मे महिन्यात विमानतळावर तिनं मला एकट्याला सोडलं, आणि एकट्याचाच भात टाका असं बजावलं. पण माझी काळजी त्याआधीच मिटली होती. खड्ड्यावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारातून कुलूप घेऊन आली. सगळी पोती खाटेखालून काढून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली.

“आबा, दगड लागला तर मला मागा,” म्हणाली.

मी मान हलवली आणि हौदावर जाऊन बसलो. मेक्सिकन म्हातारीनं त्या जागी आपले सात गोटे मांडून ठेवले होते. कुंडीतले, विकतचे. मी त्यांनाही हात जोडले.